राजहंसगड आणि हलशी: सायकलनं जा, पायी चढा, उन्हाआधी घरी या

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास येळ्ळूर रोडनं गेलात तर रस्त्याकडेला चार-पाच सायकली आडव्या पडलेल्या दिसतील. एकाची बाटली रिकामी, एकाच्या मागच्या चाकातली हवा गेलेली, तिसरा मांडी चोळत बसलेला. आणि राजहंसगड समोर, होता तिथंच. ही मंडळी तरीही वर जातात, भर उन्हात खाली येतात आणि सोमवारी सांगतात, "सायकल आपल्याला जमणारं काम नव्हे ओ." जमतं. फक्त ज्या गोष्टी आदल्या आठवड्यात करायच्या त्या हे लोक रस्त्यावर करतात आणि जे घरातून निघताना ठरवायचं ते गडावर पोचल्यावर ठरवतात.

खाली दोन सहली दिल्यात. पहिली राजहंसगड, म्हणजे येळ्ळूरचा गड. बेळगावातून एका बाजूनं साधारण 15 किलोमीटर, अर्ध्या दिवसात उरकते. दुसरी खानापूर तालुक्यातली हलशी आणि तिथला रामतीर्थाचा डोंगर. पहिली दोनदा नीट झाल्याशिवाय दुसरीला हात घालू नका.

टप्पा 1: घड्याळ उलटं मोजा

"किती वाजता निघूया?" हा पहिला प्रश्नच चुकीचा. आधी ठरवा, घरी किती वाजता पोचायचं. फेब्रुवारी संपल्यापासून मे अखेरपर्यंत दहाच्या आत घरात असायला हवं. आता मागं मोजत चला. परतीला एक तास, म्हणजे गडाचा पायथा नऊला सोडायचा. गड बघायला, बसायला, खायला सवा तास, म्हणजे पावणेआठला वर पोचायचं. जाताना चढासकट दीड तास धरा. घरातून सव्वासहा.

मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, तेव्हा हे गणित सरळ बसतं. जानेवारीत सात वाजतात. त्या दिवसांत सगळं वेळापत्रक अर्धा-पाऊण तास पुढं ढकला, कारण थंडीत अकरा वाजले तरी ऊन सोसतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत पहाटे हँडलवर बोटं बधिर होतात. बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट. दुपारनंतर वळीव येतो. गडाचा माथा उघडा आहे, विजा चमकायला लागल्यावर आडोसा शोधण्यात अर्थ नसतो. ढग पश्चिमेला किंवा पूर्वेला कुठंही काळे दिसले की खाली उतरायचं.

> सावधान: पावसाळ्यात, आणि मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस, वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातल्या पाणंदीनं "शॉर्टकट" मारू नका. ती काळी माती आहे. पन्नास पावलांत चाक आणि फोर्क यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काटकीनं उकरत बसा. डांबरी रस्ता लांबचा वाटला तरी तोच जवळचा.

टप्पा 2: सायकल, आदल्या रविवारी

शनिवारी रात्री सायकल काढून बघितली आणि ब्रेकची केबल तुटायला आलेली दिसली, तर काही करता येत नाही. म्हणून एक आठवडा आधी. या चार गोष्टी, याच क्रमानं बघा.

1. ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबा. ती हँडलच्या मुठीला टेकली तर केबल सैल आहे. पॅडवर खाचा असतात. खाचा दिसेनाशा झाल्या की पॅड संपले. पॅड रिमलाच घासतो ना, टायरला नाही ना, हे खाली वाकून बघा. टायरला घासणारा पॅड एका उतारात टायर कापतो.

2. टायर आणि हवा. टायर बोटांनी चाचपत एक फेरी मारा, अडकलेला काटा, काच, तार काढा. हवा किती, हे टायरच्या कडेला छापलेलं असतं. तिथली कमाल मर्यादा म्हणजे "भरायची हवा" नव्हे. जाड माउंटन टायरला डांबरावर 40 ते 45 पीएसआय पुरतं, मध्यम रुंदीच्या हायब्रिड टायरला 60 च्या आसपास.

3. सीट. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहिला तर सीट खाली आहे. गुडघेदुखीची बहुतेक रडगाणी इथं संपतात.

4. साखळी. जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसा, मग तेल घाला, मग जास्तीचं तेल परत पुसून काढा. हा शेवटचा भाग कोणी करत नाही. ओलसर साखळीला धूळ चिकटते आणि तिचं सँडपेपर होतं.

आता व्हॉल्व्हचं सांगतो. आमच्यातल्या एकानं नवी भारीतली सायकल घेतली. परतताना एका गावात मागचं चाक बसलं. पंक्चरचं दुकान समोरच. पोरानं पंपाची नळी हातात घेतली, बारीक पितळी व्हॉल्व्हकडं बघितलं, परत नळीकडं बघितलं आणि म्हणाला, "हे कुठलं ओ? हे आमच्यात बसत नाही की." प्रेस्टा व्हॉल्व्ह होता. गावातले पंप साध्या सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचे असतात. वीस-तीस रुपयांत पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवरच कायमचा फिरवून ठेवला असता तर पाच मिनिटांत काम होतं. त्या दिवशी सायकल टेम्पोवर चढली.

> तपासा: तुमचा व्हॉल्व्ह कुठला, तुमचा स्वतःचा पंप त्याला बसतो का, आणि सोबतच्या जास्तीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह तोच आहे का? तिन्हींचं उत्तर "हो" आल्यावरच पुढं.

टप्पा 3: आदल्या रात्रीची पिशवी

पाणी माणशी दोन लिटर. वर मिळेल असं धरूच नका. तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं, उन्हात जास्त. ओआरएसचं एक पाकीट ठेवा. ते पूर्ण एका लिटरमध्ये विरघळवायचं. अर्ध्या बाटलीत सगळं ओतून "कडक" करून प्यायलं तर उलटी होते.

खायला केळी, गूळ-शेंगदाणे, हवं तर चपातीची गुंडाळी. पोट भरून पोहे खाऊन निघणाऱ्याला येळ्ळूरच्या पुढचा चढ ते पोहे परत दाखवतो. गडावर खा, खाली नाही.

बूट एकच जोड, पण तळवा रबरी आणि खाचांचा हवा. पॅडलला अडकणारे क्लिपचे बूट घालून गडाच्या दगडी पायऱ्या चढणारे मी बघितलेत. बैलाच्या पायाला नाल ठोकल्यासारखा आवाज येतो आणि पाय तसाच घसरतो. चप्पल तर नाहीच.

बाकी: जास्तीची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या), पंप, ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच, मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा, हेल्मेट, कुलूप, चिंधी, पातळ जाकीट. आणि शंभर-दोनशेच्या सुट्ट्या नोटा. गावात रेंज गेली की फोनवरचे पैसे फोनमध्येच राहतात.

टप्पा 4: निघाल्यावरचे पहिले पाच किलोमीटर

हळू. इतकं हळू की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वडगाव सुटलं की रस्ता शिवारात शिरतो, दोन्हीकडं भातशेती, थंड हवा, आणि पाय आपोआप जोर लावायला लागतात. तोच जोर पुढं चढाला लागतो.

एका मागे एक चालवा. गप्पा मारायला शेजारी-शेजारी येणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार. सकाळी दुधाच्या गाड्या या रस्त्यानं शहराकडं पळतात आणि त्यांना घाई असते.

कुत्रं अंगावर आलं तर वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढं व्हा. दहातली नऊ कुत्री इथंच कंटाळतात.

नोव्हेंबर ते मार्च उसाचे दिवस. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रेलरला मागं दिवा नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. उजाडायच्या आत ट्रॅक्टरच्या मागं राहू नका, ओव्हरटेक करायची घाईही करू नका. सरळ दोन मिनिटं थांबून त्याला पुढं जाऊ द्या.

टप्पा 5: चढ

येळ्ळूर गाव मागं पडल्यावर गडाकडं जाणारा डांबरी रस्ता चढायला लागतो. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी हलका करा. चढात जोर लावलेला असताना गिअर बदलला की साखळी कडकन ओरडते आणि कधी कधी निसटते.

श्वास इतका लागला की बोलायला तीनच शब्द सुटतात, तर उतरा आणि सायकल ढकला. ढकलण्यात कसली आलीय लाज? मी अजून शेवटचा भाग ढकलतच नेतो, आणि वर पोचल्यावर मला गड बघता येतो. पेटून चढलेले अर्धा तास सावलीत लोळतात. चढ सोपा करायला रस्त्यावर नागमोडी चालवू नका. वरनं मोटारसायकली सुसाट येतात.

पायीच जायचं असेल तर बसनं किंवा गाडीनं पायथ्याच्या राजहंसगड गावापर्यंत या आणि गावातल्या जाणत्या माणसाला वाट विचारा. गवत वाढलेलं असताना जुनी पायवाट आणि गुरांची वाट सारखीच दिसते. गुरांची वाट गडाला जात नाही, गवताला जाते.

टप्पा 6: सायकल ठेवणं आणि गडावर वावरणं

दोन सायकली एकमेकींना फ्रेममधून कुलूप लावून बांधा. पायथ्याला घर किंवा दुकान असेल तर, "मावशी, तासभर सायकल ठेवू का हितं?" एवढं विचारा. उत्तर हमखास "ठेवा की" असं येतं. परत येताना तिथंच चहा किंवा बिस्किटाचा पुडा घ्या, एवढी रीत पाळा. दिवे, पंप, बाटल्या सोबत न्या.

वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे. बूट काढून आत जा. तटावर फिरताना कडेपासून हातभर आत राहा, कारण गवतात सुटे दगड असतात आणि वारा माथ्यावर अचानक ढकलतो. तटावर सायकल चढवून फोटो काढायचं वेड अलीकडं आलंय. ते करू नका. दगड निसटतात, आणि खाली कोणीतरी चालत असतं.

> सावधान: तटाच्या सांध्यात किंवा झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर अंतर ठेवा. विडी-सिगारेट, धूर, आरडाओरडा, अत्तर, काहीच नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून उताराकडं पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही.

टप्पा 7: उतार

माणूस चढाला दमतो, पण पडतो उताराला, म्हणून इथं घाई करू नका. निघण्याआधी दोन मिनिटं दोन्ही ब्रेक परत दाबून बघा, चाकं घट्ट आहेत का बघा, हेल्मेटचा पट्टा लावा. पोटभर खाल्लं असेल तर पंधरा मिनिटं बसा.

उतारात ब्रेक सतत दाबून धरणं ही सगळ्यांची सवय. मीही तेच करायचो. एका एप्रिलमध्ये अर्ध्या उतारात मागच्या चाकातून "खर्र" असा आवाज सुरू झाला. थांबून रिमला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं, चटकाच बसला. पॅड रबरापलीकडं जाऊन पत्र्यावर घासत होता. टप्पा 2 मधली पहिली गोष्ट मी त्या आठवड्यात केली नव्हती.

पद्धत अशी. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वेग कमी करा. वळणात शिरताना ब्रेक सोडून द्या. वळण संपलं की हवं तर परत. म्हणजे दाब, सोड, दाब, सोड. रिमला गार व्हायला वेळ मिळतो. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, पण तो एकटा आणि एकदम दाबला तर हँडलवरनं पुढं जाल. ढुंगण सीटच्या मागच्या टोकाकडं सरकवा. वळण डावीकडं असेल तर डावं पॅडल वर ठेवा, नाहीतर ते रस्त्याला घासतं.

वळणाच्या आतल्या कडेला पावसानं वाहून आणलेली वाळू-खडी साठते. तिच्यावर ब्रेकही नको आणि वळणंही नको.

> तपासा: पायथ्याला थांबा. सगळे आले का, मोजा. पाणी अर्धा लिटर तरी उरलंय का? नसेल तर येळ्ळुरात भरा, पुढं कुठंतरी भरू म्हणू नका.

टप्पा 8: हलशीला जाताना काय बदलायचं

हलशी खानापूरहून साधारण 14 किलोमीटर, वाटेत नंदगड लागतं. बेळगाव-खानापूर हा 26 किलोमीटरचा महामार्ग सायकलनं कापण्यात मजा नाही; गोव्याकडची अवजड वाहनं अंगावरनं जातात. सायकली गाडीवर टाकून खानापूर गाठा आणि तिथनं चालवायला सुरुवात करा.

इथं माती बदलते. काळीच्या जागी जांभ्याची लाल जमीन येते. डांबर सोडून कच्च्या वाटेला लागलात की वर गोट्यांसारखे गोल बारीक खडे असतात, त्यांच्यावर चाक बॉल-बेअरिंगवर चालल्यासारखं सरकतं. हवा पाच-सात पीएसआय कमी करा, वजन मागं ठेवा, वळणं मोठी घ्या. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा कच्च्या वाटेला सायकल नेऊच नका. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेचा असतो. त्या दिशेला जाताना तोच रस्ता दीडपट वाटतो.

सुगीत, नोव्हेंबरच्या आसपास, लोक रस्त्यावरच भात आणि नाचणी मळायला पसरतात. वरनं सायकल घातली की काड गिअरमध्ये गुंडाळला जातो, वर दाणे तुडवल्याबद्दल बोलणी बसतात ती वेगळी. उतरून कडेनं जा.

इथल्या गावांत मराठी चालतं, पण फलक कानडीत असतात आणि पुढं वाट सांगणारा माणूस कानडी बोलणारा भेटू शकतो. "हलसीग याव दारी होगतैत री?" (हलशीला कुठला रस्ता जातो?) एवढं वाक्य पाठ करून ठेवा. मराठीतही प्रश्न "हा रस्ता हलशीला जातो ना?" असा विचारू नका, कारण भल्या माणसाला "नाही" म्हणणं जिवावर येतं. "हलशीला कुठला रस्ता जातो?" असं विचारा.

क्रम असा ठेवा: आधी रामतीर्थ, मग हलशीची देवळं. डोंगर गावापासून दोनेक किलोमीटरवर आहे, तो ऊन चढायच्या आत उरकायचा. सायकल गावात ठेवून पायी गेलात तर आणखी बरं. मग भूवराह-नरसिंह देवळाच्या गार दगडी मंडपात निवांत बसा. समोरासमोर दोन गाभारे आहेत. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्या, मगच मूर्तीचे बारकावे दिसतात. मूर्तीला, शिलालेखाला हात लावू नका, खडू-पावडर लावून अक्षरं "उठवू" नका, देवळाच्या भिंतीला सायकल टेकवू नका. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

> सावधान: राजहंसगडाला अंधारात निघालं तर चालतं. खानापूरच्या पश्चिमेला, हेम्माडगा-जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात, उजाडायच्या आधी आणि तिन्हीसांजेनंतर सायकल नको. अस्वल आणि गवा याच वेळी फिरतात, आणि सायकलचा आवाज होत नसल्यामुळं जनावराला तुम्ही जवळ आल्यावरच कळता.

हलशी झाली की लोकांना लगेच भीमगड आठवतो. तो परिसर 2011 पासून अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय आत जाणं गुन्हा आहे, आणि फोनच्या नकाशावर पायवाट दिसते म्हणजे ती खुली आहे असं नाही. परवानगी हातात आल्यावरच तारीख ठरवा. उलटं केलं तर चेकपोस्टवरनं परत फिरावं लागतं, आणि रागवायचं कोणावर हेही कळत नाही.

साप चावला तर चिरणं, चोखणं, दोरीनं आवळून बांधणं, काहीच करायचं नाही. माणसाला चालवू नका, हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट बघण्यापेक्षा गाडी लवकर मिळत असेल तर तिनं थेट सरकारी दवाखाना गाठा. रेंज नसलेल्या जागी एकटं जायचं नाही, ते यासाठीच.

टप्पा 9: घरी आल्यावर

आधी अंग बघा. जंगलाच्या कडेनं गेला असाल तर गुडघ्यामागं, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड शोधा. माकडताप गोचिडीतून येतो. पुढच्या आठवड्यात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना "जंगलात गेलो होतो" हे आपण होऊन सांगा. पावसाळ्यात जळू चिकटली असेल तर ओढू नका, नखानं तिचं तोंड बाजूला सरकवा.

मग सायकल. गाड्या धुतात तिथल्या जोराच्या फवाऱ्याखाली धरू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. बादली, फडकं, पुसून कोरडी, साखळीला तेल, जास्तीचं पुसून काढणं. शेवटी पॅडच्या खाचा बघा. संपत आल्या असतील तर सोमवारीच दुकान गाठा. शनिवारी संध्याकाळी तिथं निम्मं बेळगाव उभं असतं.